ऋतुराज वसंतराव यांस खुले पत्र

राजमान्य राजश्री ऋतुराज वसंतराव यांचे सेवेसी,

कोरगाव, तालुका पेडणे येथील एका काजू बागायतदाराचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आपण आम्हाला सबुरी शिकवलीत, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

पंचांगात आपली स्वारी चैत्रात येते. काजूच्या डोंगरावर मात्र आपली चाहूल डिसेंबरातच लागायला हवी. थंडी पडावी, पालवी फुटावी, पालवीच्या टोकाला मोहर यावा. यंदा आपण नुसती पालवी धाडलीत. मोहर मागाहून! हरकत नाही. थोरामोठ्यांना घाई करू नये.

मग मोहर आला तो ढगाळ हवा आणि ढेकण्या सोबत घेऊनच. केवढे हे औदार्य! ढेकण्याने कोवळ्या देठांतला रस शोषला आणि तुरे जळक्या वातींसारखे काळे पडले. औषधाच्या दुकानदाराची चांदी झाली, त्याचे पुण्य आपल्याच खाती.

स्वतः मागे राहून उन्हाळ्याला पुढे पाठवण्याचा आपला शिष्टाचार तर काय वर्णावा! 2023 चा फेब्रुवारी आठवतो ना? दुपारच्या तापमानाच्या सरासरीत 1901 पासूनचा देशातला सर्वांत तापलेला फेब्रुवारी. त्याच वर्षी गोवा सरकारने काजूबियांचा आधारभूत दर किलोला 150 रुपये केला. दर चढला, आमची झाडे तेवढी रिकामी राहिली.

हुर्राक गाळणाऱ्या भाटीवाल्याने पावणीत (लिलावात) काजूचा झोन घेतला, पैसे भरले, कोलमी धुऊन ठेवली. तुडवायला काजूचे बोंडू नाहीत. हुर्राकाचे गिऱ्हाईक रोज डोकावून जाते. शिव्या कुणाला द्यायच्या म्हणून ते नाव विचारते, तेव्हा भाटीवाला त्याला ऋतुराजांचे नाव सांगतो. राग मानू नये.

शिगम्याला आम्ही ढोलताशे बडवून आपले स्वागत केले. आपण आला नव्हता. पण देवाची तिथी ठरलेली, वाजवणे भाग होते.

वाटेत काही अडचण असेल असेही म्हणवत नाही. मोपाच्या विमानतळावर 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरतात. तिथून कोरगाव ते किती लांब?

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
एक बागायतदार

ता. क. : येताना अवकाळी पावसाला मात्र आणू नये. बोंडू गळायला लागले की नेमके हजर व्हायची त्याला खोड आहे. भिजून काळी पडलेली बी व्यापारी दोन बोटांत धरून उलटीपालटी करतो आणि मग जो दर सांगतो, तो आपल्यासारख्यांच्या पत्रात लिहिण्याजोगा नसतो.