नापासराव

नापासराव कुणालाही नापास करत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. ते फक्त पास करत नाहीत. आमच्या टीममधल्या कुणी सी भाषेत चार ओळी लिहून तपासायला पाठवल्या, की त्या नापासरावांच्या दारात जाऊन बसतात आणि तलाठ्याकडच्या फेरफारासारख्या बसूनच राहतात. पाठीमागे आम्ही त्यांना नापासराव म्हणतो, तोंडावर ‘सर’. हिंगोलीत ज्याला त्याला सर म्हणतात, त्यामुळे त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

हा वाण पुण्याला हिंजवडीत होतो, बंगळुरूलाही होतो. पण मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात आला की जरा जास्तच कसदार निघतो. नापासराव लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन हिंगोलीला आले ते आलेच. कंपनीनं दोन-तीनदा पत्र पाठवून परत बोलावलं. त्या पत्रातल्या तारखेत संदिग्धता आहे असं यांनी कळवलं, आणि कंपनीनं नाद सोडला. आता पत्र्याच्या खोलीत कूलरसमोर बसून ते आमची लायब्ररी राखतात.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. विजेच्या मीटरमधले आकडे वाचणारा, दुसऱ्या प्रोग्रामरांनी उचलून वापरावा म्हणून लिहिलेला कोड. प्रोग्राम बिघडला तर एका घरात अंधार, लायब्ररी बिघडली तर ती जिथं जिथं गेली त्या सगळ्या गावांत अंधार, हा नापासरावांचा पहिला सिद्धांत. त्यात चूक काढायला जागा नाही, म्हणून तो आमच्या टीममध्ये कुणाला फारसा आवडत नाही.

तपासायला आलेल्या कोडला आम्ही एमआर म्हणतो, म्हणजे मर्ज रिक्वेस्ट. हिंगोलीत एमआर म्हणजे औषध कंपनीचा बॅग घेऊन फिरणारा माणूस. ‘सकाळपासून सहा एमआर बसून आहेत, एकालाही आत घेतलं नाही,’ असं हे फोनवर मोठ्यानं बोलतात आणि समोरचे मेडिकलवाले हळहळतात. या उन्हात कुठं बसवलं असेल लेकरांना! घरात आईचा वेगळाच घोळ. सीमध्ये फंक्शननं शून्य परत केलं की काम फत्ते झालं, असा रिवाज आहे. चाचण्या धड पार पडल्या की नापासराव ‘सगळीकडं शून्य आलं!’ म्हणत चहा मागायला बाहेर येतात. ‘कामून रं,’ आई म्हणते, ‘शाळंत शून्य आलं तवा तर जेवला नव्हतास.’

त्यांची तपासणी जवळून बघायची तर सेनगावकडच्या एका पोराची गोष्ट सांगितली पाहिजे. नांदेडहून इंजिनिअर होऊन नुकताच आमच्याकडं लागला होता. त्यानं बारा ओळींचं एक फंक्शन लिहिलं. मीटरचा नंबर द्या, ग्राहकाचं नाव मिळेल. बारा ओळींत काय चुकणार, या विचारानं तो निवांत होता. नापासरावांनी त्याला कॉलवर घेतलं.

‘इथं मॅलॉकनं जागा मागितलीस.’

‘हो सर.’

‘मिळाली?’

‘मिळतेच की सर.’

‘कोण म्हणलं? मॅलॉक नाही म्हणतो तेव्हा नल देतो. त्या नलवर तू ग्राहकाचं नाव लिहायला गेलास की प्रोग्राम जागच्या जागी आडवा. बरं, मिळाली समज. परत कोण करणार?’

‘ज्यानं फंक्शन वापरलं तो करेल ना.’

‘त्याला माहीत आहे?’

पोरगा गप्प.

‘हेडर फाइलीत लिहिलंस का कुठं, की बाबा ही जागा तुझ्या नावावर आहे, काम झालं की फ्री कर? नाही. म्हणजे दुसऱ्याच्या नावावर उसनवारी करून ठेवलीस अन् त्याला पत्ताच नाही. मीटर तिकडं वर्ष-वर्ष बंद होत नाही. दर पंधरा मिनिटाला थोडी थोडी जागा खात राहील अन् एक दिवस पोळ्याच्या सकाळी मरून पडेल.’

पोळाच का, ते कुणी विचारलं नाही. मग तोडगा ठरला. फंक्शननं स्वतः जागा घ्यायचीच नाही. बोलावणाऱ्यानं आपली जागा द्यावी आणि ती किती लांबीची आहे तेही सांगावं. पोरानं लांबीचं कशाला एवढं, असं पुटपुटल्याबरोबर नापासरावांनी १९८८ काढलं. सीमध्ये गेट्स नावाचं एक फंक्शन होतं, बिल गेट्सशी त्याचा संबंध नाही. ते समोरून येईल तेवढी अक्षरं घ्यायचं, भांडं केवढं आहे ते न विचारता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्यानं सोडलेला किडा ज्या वाटांनी संगणकांत शिरला, त्यातली एक हीच. इंटरनेट तेव्हा बाळ होतं, तरी हजारो यंत्रं अडकली. तरीही प्रमाण सीमधून गेट्सला काढायला २०११ साल उजाडलं. ‘वीसहून जास्त वर्षं लागली,’ नापासराव म्हणाले. ‘लायब्ररीत एकदा घातलेलं फंक्शन काढणं म्हणजे काय असतं, कळलं? कुणीतरी ते वापरत बसलेलं असतंच. म्हणून आत घेतानाच बघायचं.’

यानंतर नावावर गाडी आली. पोरानं फंक्शनचं नाव ठेवलं होतं ‘गेट नेम’. सीमध्ये सगळी नावं एकाच वाड्यात राहतात, वेगळे मजले नाहीत. दुसऱ्या कुठल्या लायब्ररीतही ‘गेट नेम’ असेल तर जोडणीच्या वेळी दोघांची मारामारी होते. म्हणून आपल्या प्रत्येक नावाआधी आपलं घराणं लावायचं. संध्याकाळपर्यंत बारा ओळींच्या चाळीस झाल्या. त्यातल्या कामाच्या सहाच होत्या, बाकी सगळा बंदोबस्त.

त्यांची भाषा मात्र मऊ असते, हे सांगितलं पाहिजे. ‘चूक’ हा शब्द ते लिहीत नाहीत. ‘एक प्रश्न’ असं लिहितात. ‘नुसता एक प्रश्न’ लिहिलं की समजावं, आपला शनिवार गेला. कौतुकाची वरची पायरी म्हणजे ‘ठीक’. एकदा कुणाला तरी ‘बरंय’ म्हणाले होते, त्याचा स्क्रीनशॉट अजून ग्रुपवर फिरतो. आणि खरं बोलायचं तर त्यांच्या निम्म्या कॉमेंट्स महिरपी कंस कुठल्या ओळीवर असावा यावरच्या असतात. त्यात कुणाचंही भलं होत नाही. ते काम करणारी हत्यारं फुकट मिळतात, एक बटण दाबलं की सगळे कंस रांगेत. आम्ही ते सुचवून बघितलं. ‘लावा ना,’ ते म्हणाले, ‘पण त्याच्या सेटिंगची फाइल आधी तपासायला पाठवा.’ ती फाइल अजून त्यांच्याकडंच आहे.

तपासणीचं हे वेड त्यांना मुळात नव्हतं म्हणतात. ते लागलं दुधाळ्यामुळं. औंढा नागनाथजवळच्या या गावाच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, काटकोनात. २०१६ साली तत्त्वतः मंजुरी, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राची पक्की मंजुरी, २६०० कोटींचा खर्च. जिल्ह्यात कुणाला यातून जमिनीचे भाव दिसले, कुणाला नोकऱ्या दिसल्या. नापासरावांना दिसलं की या लहरींचा शोध घेणारं सॉफ्टवेअर, लाल नावाची लायब्ररी, मुख्यतः सीमध्ये लिहिलेली आहे आणि तिचा कोड कुणालाही वाचायला खुला आहे. झालं. रविवारी मोटरसायकलवर औंढा, नागनाथाचं दर्शन, मग बाहेरच्या हॉटेलात भजी मागवून मोबाइलवर लालच्या हेडर फाइली वाचत बसणं. तिथं सगळ्या नव्या फंक्शनांच्या नावाआधी ‘एक्सलाल’ लावलेलं, चूक झाली तर ती वर कळवायची ठरलेली रीत, आणि चाचणीच्या शेवटी घेतलेली जागा सगळी परत आली का याची झडती घेणारं वेगळं फंक्शन. ‘झडती घेतात हो,’ असं ते भज्याच्या घासासकट सांगतात, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

त्यातही त्यांचा जीव वेळेच्या रचनेवर. लालमध्ये वेळ दोन पूर्णांकांत ठेवतात, एकात सेकंद आणि दुसऱ्यात नॅनोसेकंद. ६ जानेवारी १९८० पासून मोजलेले सेकंद आता अब्जाच्या पुढं गेलेत. एवढा आकडा एकाच दशांशी चलात कोंबला, तर पाव मायक्रोसेकंदाच्या खालचं सगळं गळून जातं. पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला सापडली, तेव्हा अमेरिकेतल्या एका यंत्रापासून तीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचायला तिला सात मिलिसेकंद लागले होते. लहर आभाळात कुठून आली ते मुख्यतः या फरकावरून काढायचं. औंढ्याचं यंत्र सुरू झालं की ती दिशा फार नेमकी कळेल. अभ्यासकांनी त्याला टोपणनावही देऊन टाकलंय, ए-वन. हॉटेलवाल्याला ते ऐकून आपल्याच चहाचं नाव घेतल्यासारखं वाटतं.

पण दोन पूर्णांकांतही नापासरावांना फट सापडलीच. सेकंदांचा पूर्णांक ३२ बिटांचा. त्यात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. हिशेब केला तर भांडं भरतं २४ जानेवारी २०४८ ला. ती तारीख त्यांनी वहीत लिहून ठेवली आहे आणि चौथीतल्या लेकीला बजावलं आहे, ‘तेव्हा तू कर्तीसवरती असशील, लक्ष ठेव.’ तिनं विचारलं, ‘बाबा, शनिवार हाय का त्या दिवशी?’ बापाला हा मुद्दा सुचला नव्हता.

तपासणीवर कुणी चिडलं की त्यांच्याकडं हुकमी उत्तर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव. पांडुरंग ज्यांच्याशी बोलायचा, त्यांच्याही डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणं मारून ‘हे मडकं कच्चं’ असा शेरा दिला होता. ‘नामदेव चिडले. विठ्ठलाकडं अपील केलं,’ नापासराव सांगतात. ‘तिथं काय झालं? शेरा कायम! मग कुठं आले? औंढ्याला, विसोबा खेचरांकडं. दुरुस्ती करून घेतली. अन् मग पंजाबपर्यंत गेले. अन् तू बारा ओळींसाठी तोंड पाडून बसलास.’ यावर बोलायला जागाच उरत नाही. वारकरी घरातलं पोरगं तर लगेच लॅपटॉप उघडतं.

घरच्यांना हे सगळं फुकटात सोसावं लागतं. लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी गल्ली त्यांच्या नजरेतून लपवून नेते, कारण ‘दोन्ही बाजूंचे मुहूर्त एकाच घड्याळाचे आहेत का’ इथून सुरुवात होते. एका बारशाला यांनी पाळण्यापाशी उभं राहून विचारलं होतं, की या गल्लीत तीन आरोही आधीच आहेत, हाक मारली तर कोणती येणार? मुलीच्या आत्यानं त्यांना जेवायला पाठवून दिलं.

वडिलांबरोबर ते एकदाच हळद घेऊन मोंढ्यात गेले. व्यापाऱ्यानं ढिगातलं एक हळकुंड उचललं, कडकन मोडलं, आतला रंग बघितला, आणखी एक मोडलं, आणि म्हणाला, वाळवण कमी पडलंय, भाव पडेल. बाकी शेतकरी इथं भांडतात. नापासराव हरखले. ‘बरोबर आहे यांचं,’ ते भर लिलावात म्हणाले, ‘अन् तुम्ही वरचीच हळकुंडं बघितली, पोत्याच्या तळातलंही काढून बघा.’ तळातलं काढलं. भाव आणखी पडला. वडील घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढच्या हंगामापासून हळद मेहुण्याबरोबर जाते.

घर बांधायचं चार वर्षांपासून चाललं आहे. नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला त्यांनी असे काही प्रश्न विचारले, की त्यानं शेवटी नकाशाची मूळ फाइलच देऊन टाकली, आता तुम्हीच करा म्हणाला. जिना कोसळला तर वरच्या मजल्यावरचा माणूस खाली कसा येणार, पाण्याची टाकी भरल्याचं मोटरला कोण कळवणार, कळवणाराच बिघडला तर? सगळ्याची उत्तरं काढून, बाविसावी आवृत्ती छापून त्यांनी बायकोपुढं ठेवली आणि लॅपटॉपवरच्या सवयीनं म्हणाले, ‘तपासून दे.’

वहिनींनी भाकरीचं पीठ लागलेल्या बोटानं नकाशाच्या चारी कोपऱ्यांतून फेरी मारली. ‘नुसता एक प्रश्न,’ त्या म्हणाल्या. ‘देवघर कुठंय?’

नापासरावांनी नकाशा फिरवून बघितला, उलटा करून बघितला. मग पेन काढून खाली लिहिलं, ‘मान्य’, आणि तेविसाव्या आवृत्तीला बसले. आणून टाकलेल्या विटा तेव्हापासून अंगणात रचलेल्या आहेत. गेल्या दसऱ्याला शेजारच्या मावशींनी त्यातल्या तीन चुलीसाठी नेल्या. पण नेताना, कुणी विचारायच्या आत, कोण परत आणणार आणि कधी, ते त्यांनीच मोठ्यानं सांगून टाकलं.