शिळी भाकरी, धडधाकट सर्व्हर

डेबियन या सर्व्हरवाल्या लिनक्सच्या स्वयंपाकघरात 'स्टेबल' म्हणजे शिळी भाकरी: मिरवता येत नाही, पण बाधतही नाही. जून २०२३मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ३.०. पुढे सुरक्षेची भोकं बुजवली जातात, पण पाटी ३.०चीच, शेपटीला फक्त 'डेब१२यू१' असं ठिगळ. ऑडिटवाल्याला आकडा दिसतो, ठिगळ दिसत नाही. लगेच अहवालात लाल शेरा! साहेब गरजतात, "लेटेस्ट टाका!" लेटेस्ट आहे की, साहेब. ते मिळतं डेबियनच्या कायम अस्थिर शाखेत, तिचं नाव 'सिड'. 'टॉय स्टोरी'त खेळणी मोडणारं कार्टं तेच. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी वेळेत घरी जायचं असेल, तर सर्व्हरला मुकाट्यानं शिळंच वाढा.