चाकाला ॲसिड कशाला?

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार-पाच गाड्या तरी धुतल्या जातात. टप लखलखीत, काचा लखलखीत, बॉनेट तर तोंड दिसेल असं. चाकं मात्र काळीकुट्ट. पुढची दोन जास्त काळी, मागची दोन जरा बरी. पुढचीच का, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण चाक कसं धुवायचं ते त्या उत्तरातूनच कळतं.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि पुढच्या ब्रेकना जास्त राबावं लागतं. त्यात आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ड्रममधला भुगा बराचसा आतच राहतो, डिस्कचा उघड्यावर उडतो आणि थेट रिमवर बसतो. ही रस्त्यावरची साधी धूळ नव्हे. बिडाची डिस्क आणि ब्रेक पॅड एकमेकांवर घासून निघालेले लोखंडाचे बारीक कण, राळ आणि काजळी त्यात असते. कण तापलेले असतात, म्हणून रिमच्या रंगात रुतून बसतात. वर पाऊस पडला की गंजतात. ‘अलॉय गंजायला लागली’ असं म्हणत लोक तांबूस ठिपके दाखवतात ना, ते हेच. अलॉय ॲल्युमिनियमची असते, तिला तांबडा गंज चढत नाही. गंजतोय तो तुमच्या ब्रेकचा भुगा.

हा भुगा ओल्या फडक्याने निघत नाही. मग निघतं ॲसिड.

गेल्या वर्षी मी गाडी एका वॉशिंग सेंटरवर धुवायला दिली आणि समोरच उभी राहिले. एका पोराने कॅनमधलं पिवळसर पाणी ब्रशने रिमवर फासलं, मिनिटभर फेस उठला, पाण्याचा फवारा मारला आणि चाक नव्यासारखं झालं. मी खूशही झाले. पावसाळा संपेपर्यंत त्याच रिमच्या कडेने पारदर्शक थराखाली पांढऱ्या नागमोडी रेषा पसरल्या. आता त्या घासून निघत नाहीत. रिम सोलून पुन्हा रंगवणे एवढाच इलाज उरलाय.

ॲसिड मळ खातं हे खरं, पण मळ संपला म्हणून ते थांबत नाही. अलॉयवर रंग असतो आणि रंगावर पारदर्शक लेप, वहीच्या कागदाइतकाही जाड नसलेला. तो लेप एकदा फाटला की पाणी खाली शिरतं आणि ॲल्युमिनियम आतून पोखरत जातं. डायमंड कट म्हणून मिळणाऱ्या चकचकीत रिमला तर चकाकत्या भागावर रंगही नसतो, नुसता लेप. तिथे नुकसान सगळ्यात लवकर दिसतं. संडासाच्या फरशीचं ॲसिड चाकाला लावणाऱ्यांना म्हणूनच मी तोंडावर सांगते, लावू नका. आणि ‘मग कॉस्टिक सोडा लावू का?’ तोही नको. ॲल्युमिनियम आम्ल आणि अल्कली दोन्हींत विरघळतं.

रिमपेक्षाही मला त्या पोराच्या हातांची काळजी वाटते. हातमोजे नव्हते, पायात स्लिपर. चाकं धुण्याच्या काही द्रावणांत फ्लोराइडवाली आम्लं असतात. ती कातडीवर लगेच चटका देत नाहीत, आत शिरतात आणि आग नंतर होते, तासांनी. मालकाने त्याला रबरी हातमोजे द्यायला हवेत आणि गिऱ्हाइकांनी ते मागायला हवेत. मी तेव्हा मागितले नाहीत. आता मागते.

मग भुगा काढायचा कशाने? ॲसिड नसलेलं, लोखंडाचे कण सोडवणारं क्लिनर बाजारात मिळतं. फवारलं की रिमवरून जांभळे ओघळ वाहू लागतात, कारण त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं आणि रंग बदलतो. वास उग्र असतो. ब्युटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधाचा वास आठवत असेल तर तोच, रसायनही त्याच घराण्यातलं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, रिमवर वाळू देऊ नका, हातमोजे घाला. दर रविवारी याची गरज नाही. वर्षातून दोन-तीनदा पुरे. एरवी गाडीचा शॅम्पू आणि पाणी बास.

धुवायची सुरुवात चाकांपासून करा. आपण नेमकं उलट करतो, टपापासून खाली येतो आणि चाक घासताना उडालेले काळे शिंतोडे धुतलेल्या दारावर बसतात. गाडी आत्ताच चालवून आणली असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतायचं नाही, आणि तापलेल्या रिमवर साबण वाळून डाग धरतो. सावलीत एकेक चाक घ्या. आधी मोकळ्या पाण्याने वाळू-खडा वाहून जाऊ द्या, मग हात लावा. हे चुकलं की पुढचं सगळं घासणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. चाकाची बादली वेगळी, फडकं वेगळं, आणि ते फडकं काचेला किंवा दाराला चुकूनही लावायचं नाही. नटांच्या खोबणीत जुना टूथब्रश जातो. काड्यांच्या मागे, रिमच्या आतल्या पोकळीत मऊ केसांचा रंगाचा ब्रश. खरा थर तिथेच असतो. तारेची घासणी आणि काथ्या ओट्याखालीच राहू द्या. भांड्याच्या वडीतही घासायची पूड असते, तीही नको. शेवटी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर निघता निघत नाहीत.

दोन बादल्यांत चारही चाकं होतात, मी नेहमी तेवढ्यातच करते. नळी सोडून फोनवर बोलणारे बघितले की मला राग येतो. 2024च्या मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुवायला बंदी घालून पाच हजार रुपये दंड लावावा लागला होता. आपण त्या दिवसाची वाट बघायची का?

चाक हाताने धुवा असा माझा हट्ट आहे तो चमकेसाठी नाही. एरवी आपण चाकासमोर उकिडवे बसतो कधी? पंक्चर झाल्यावर. धुताना टायरच्या बाजूवरून हात फिरतो आणि खड्ड्यात आपटून आलेला फुगा बोटांना लागतो. तो लागला की टायर बदलायचा, पुढच्या महिन्यात नाही, आज. खाचांत अडकलेला खिळा दिसतो. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरच उरली आणि टायरचं आयुष्य संपलं. बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. रिमच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन घासताना निघालं तर हायवेवर स्टिअरिंग थरथरायला लागेल, म्हणून तिथे हात हलका ठेवा.

हे सगळं झाकतं ते टायर पॉलिश. तेलकट काळा थर चढवला की फटी, भेगा, तपकिरी पडलेलं रबर, काहीच दिसत नाही. तपकिरी पडणं हा दोषही नव्हे. रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेलं द्रव्य पृष्ठभागावर येतं, त्याचा तो रंग. पॉलिश लावायचंच तर पाण्यात बनवलेलं, पातळ हाताने, फक्त बाजूला, आणि जास्तीचं पुसून टाका. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर एक थेंबही नको. दुचाकीच्या टायरला तर मुळीच नाही. वळणावर गाडी झुकते तेव्हा टायरची कडच रस्त्याला धरून असते.

कोकणातून आलात, विशेषतः गाडी किनाऱ्याच्या वाळूत घालून आलात, तर रविवारपर्यंत थांबू नका. खारं पाणी नटांच्या खोबणीत आणि रिमच्या मागे बसतं. घरी पोचलात की आधी गोडं पाणी मारा. वाळूत गाडी घालूच नये हे माझं मत वेगळं. दसऱ्याला चाकाला हळदकुंकू लावतो तेव्हाही पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी धुऊन टाका. कुंकवाचा ओला ठसा रिमवर महिनाभर ठेवण्यात भक्ती नाही.

आणि धुतल्या धुतल्या गाडी कव्हरखाली घालून हँडब्रेक ओढू नका. ओल्या डिस्कवर काही तासांत गंजाचा पातळ पापुद्रा धरतो, आणि बरेच दिवस गाडी उभीच राहिली तर ओढलेला ब्रेक चिकटूनही बसतो. किल्ली घ्या, सोसायटीला एक चक्कर मारा, मागे कुणी नाही हे बघून तीन-चारदा ब्रेक दाबा. पहिल्यांदा खर्र आवाज येईल. तिसऱ्यांदा येणार नाही.