गुडघ्याची ड्युटी

ज्याचा मेंदू गुडघ्यात आहे असं घरचे म्हणतात, त्याने जबलपूरला यावं. इथे त्याला काम आहे. आमच्या शहराचे सलवार-सूट गावोगावच्या बाजारात जातात, ते गोहलपूर, लेमा गार्डनकडच्या कारागिरांच्या उजव्या गुडघ्याच्या भरवशावर. पॉवर मशीनच्या टेबलाखाली एक दांडी असते. गुडघ्याने ती उजवीकडे ढकलली की कापड दाबून धरणारा फूट वर उचलला जातो. हात कापडावरच राहतात. मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकणाऱ्या मशीनपुढे मागचा खटका चाचपडत बसायला फुरसत कुणाला?

आमच्या घरात यंत्रयुग हातापासून सुरू झालं आणि हळूहळू खाली उतरलं. आजीचं हातमशीन. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने कापड सांभाळायचं. म्हणजे धपाटा घालायला हातच शिल्लक नाही. तेवढ्यात आम्ही लाडवांचा डबा हलका करत असू. मग आईचं पायाचं मशीन आलं, तिचे दोन्ही हात मोकळे झाले आणि आमचं सुवर्णयुग संपलं. १८५१ साली शिलाई मशीनचं पेटंट घेणारा आयझॅक सिंगर मूळचा नाटकवाला. त्याला वीसहून जास्त मुलं होती. एवढ्यांची झबली-टोपडी हाताने शिवत बसायची म्हणजे यंत्र सुचणारच!

खरी गंमत नेपियर टाउनच्या काकूंची. त्यांच्याकडे विजेवरचं जुनं छोटं सिंगर होतं. त्याच्या लाकडी पेटीच्या भोकात दांडी खोचायची आणि गुडघ्याने रेटली की मशीन सुरू. जितका जोर, तितका वेग. ब्लाउजांचं काम वाढलं तसं काकूंनी पॉवर मशीन घेतलं आणि गुडघ्याची बदली दुसऱ्या खात्यात झाली. काकूंना वेग हवा म्हणून त्या गुडघा रेटायच्या, तर फूट वर. घाबरून टाच मागे दाबली, तर दोरा कचकन कापला. एवढं करून ब्लाउज मात्र एका बाहीचा.

काका गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. १९०४ पासून तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस शिलाई मशीनपुढे हार मानेल? त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली: पंजा पुढे – चाल, टाच मागे – दोरा काप, गुडघा उजवीकडे – फूट वर. काकू ते आरतीसारखं म्हणत शिवू लागल्या. "गुडघा उजवीकडे" म्हणेपर्यंत शिवण टेबलाबाहेर गेलेली असे.

शेवटी लेमा गार्डनचा एक कारागीर आला. त्याने आकृती नीट वाचली, घडी घालून काकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "आंटी, आप सोचो मत. घुटना खुद सीख लेगा."

आणि शिकला की! इतका शिकला, की आता मशीन समोर नसलं तरी ड्युटीवर असतो. गोलबाजारच्या दत्तमंदिरात भेटलेल्या पाहुण्यांना काका तोफगाड्यांचा इतिहास पहिल्यापासून सांगायला लागले की काकूंचा चेहरा शांत, हात मांडीवर, पण गुडघा पटकन उजवीकडे. काका जागच्या जागी उचलले जातात आणि विषय तिथेच कापला जातो.

हल्ली काका काकूंच्या डाव्या बाजूला बसतात.