हॉर्न, कांदा आणि कूलरचा पाईप

फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात दोन कामं असतात. एक, हॉर्न वाजवणं. दुसरं, पेटीत काय आहे ते लोकांना सांगणं. पहिल्या कामात अधूनमधून विश्रांती मिळते.

माझा भाचा हे वाद्य वाजवतो. नागपूरला जुन्या हिंदी गाण्यांच्या एका कार्यक्रमाचं त्याला बोलावणं आलं, तेही ऐन मे महिन्यात. 'मामा, तू चल ना, सामान आहे,' म्हणाला. सामान म्हणजे ती पेटी. स्वतःचे कपडे त्याने माझ्या बॅगेत कोंबले होते.

पेटी दिसायला म्हणजे गालगुंड झालेली सुटकेस. एका बाजूला चपटी, दुसरीकडे टम्म. यात पेटी बनवणाऱ्याचा दोष नाही. हॉर्नची नळी उलगडली तर बारा फुटांच्या आसपास भरते. हल्लीच्या दुहेरी हॉर्नला अंगठ्याखाली एक कळ असते, ती दाबली की हवा बारा फुटांऐवजी नऊ फुटांच्या वाटेने जाते. एवढं सगळं भेंडोळं निमूट चपटं बसतं, आणि शेवटी बारा इंच व्यासाचा भोंगा त्याला काटकोनात येऊन उभा राहतो. त्यामुळे ती पेटी जगातल्या कुठल्याच कोपऱ्यात नीट बसत नाही.

मुळात या वाद्याला पेटीची गरजच नव्हती. सतराव्या शतकातला फ्रान्सचा शिकारी घोड्यावर बसून ते खांद्यावरून अंगात अडकवून घ्यायचा, आणि मागून येणाऱ्या मंडळींना ऐकू जावं म्हणून भोंगा मागे ठेवायचा. शिकारी हीच पेटी. पुढे वाद्य शिकारीतून दिवाणखान्यात आलं, तरी भोंगा मागेच राहिला. पट्टी बदलायची तर नळीचा तुकडा काढून दुसरा बसवायचा, म्हणून वादक तुकड्यांची आणखी एक पेटी घेऊन हिंडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीतल्या श्ट्योल्झेल आणि ब्लूमेल यांनी झडपांची युक्ती काढली. तुकडे गेले, त्यांच्या जागी वजन आलं. सारांश, हॉर्नवाल्याच्या खांद्यावरचं ओझं कमी करण्यासाठी विज्ञानाने केलेला प्रत्येक उपाय शेवटी त्याच खांद्यावर येऊन बसला आहे.

अपवाद एकच. शहाण्या माणसांनी भोंगा कापून त्याला आटे पाडले. फिरवला की सुटा होतो, मग पेटी पातळ होते. अशा पेट्यांसाठी ब्राझीलचा मार्कस बोना जगभर प्रसिद्ध आहे, आणि तो स्वतः हॉर्नवादक आहे. ज्याची पाठ दुखली त्यानेच दप्तर शिवलं. भाच्याचा हॉर्न मात्र अखंड भोंग्याचा. कापायची त्याची छाती होत नाही. लाखांत किंमत असलेल्या वस्तूवर करवत चालवायला कोणाची होईल?

विदर्भ एक्सप्रेसला कल्याणला चढलो आणि पेटी बर्थखाली ढकलली. निम्मी गेली, गालगुंडाचा भाग बाहेर राहिला. लगेच डब्यात अंदाजपंचे सुरू झालं. समोरच्या बाईंच्या मते आत देवीचा मुखवटा होता. वरच्या बर्थवरचा मुलगा 'ड्रोन' म्हणाला. एका गृहस्थांनी 'पाण्याची मोटर' असं ठामपणे सांगून झोपायची तयारी केली. भाच्याने 'वाद्य आहे' एवढंच सांगितलं. त्याने कुणाचं समाधान झालं नाही, कारण वाद्य म्हटल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: 'वाजवून दाखवा ना.'

आमच्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना नियम तोंडपाठ. थर्ड एसीत पेटी पंचावन्न सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि साडेबावीस उंच, याहून मोठी चालत नाही. भाच्याची पेटी साडेबावीसला कधीच मागे टाकून गेली होती. मी गप्प बसलो. तेवढ्यात टीसी आले. काकांनीच विषय काढला.

'आकारात बसत नाही,' काका म्हणाले.

'वजन?' टीसींनी विचारलं.

'पेटीसकट सहा किलोच्या आत,' भाचा म्हणाला.

'चाळीस चालतं,' काका म्हणाले. 'म्हणजे वजनात चौतीस शिल्लक आणि उंचीत थोडं जास्त. एकूण हिशेब केला तर प्रवाशाचंच रेल्वेकडे येणं निघतं.'

टीसींनी काकांकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढच्या डब्यात गेले. रात्री पेटी बर्थवर झोपली. उरलेल्या जागेत भाचा.

सकाळी नागपूर. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हाने आमची विचारपूस केली. नागपूरचं ऊन मुंबईसारखं घामाघूम करत बसत नाही. ते सरळ भाजायला घेतं. शहर मात्र निवांत असतं. बायका-मुली दुपट्ट्याने तोंड गुंडाळून स्कूटरवर, फक्त डोळे बाहेर. बापे डोक्याला पंचा बांधून तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर, भर उन्हात लालभडक तर्रीचं दुसरं वाढप घेत. यांच्या पोटात आणि आकाशात काहीतरी करार झालेला असावा.

ऑटोवाल्याने पेटी पाहिली. 'काय होय हे?'

'वाजवायचं आहे.'

'मंग वाजवत काहून नाही?' त्याने ऑटो सुरू करता करता विचारलं. हॉर्नवादकाला इतका मूलभूत प्रश्न आजवर कोणी विचारला नसेल.

आमचा मुक्काम लक्ष्मीनगरात, माझ्या मावसबहिणीकडे. ताई लग्न होऊन नागपूरला गेली आणि बघता बघता अस्सल नागपुरी झाली. तिने आम्हाला पन्हं दिलं, मग पेटीभोवती एक चक्कर मारली, उघडायला लावली, आणि आत जाऊन कांदा घेऊन आली.

'खिशात ठेवू ना मावशी?' भाच्याने हात पुढे केला. विदर्भात उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात हे त्याला ठाऊक होतं.

'तुझ्या खिशात दुसरा देते. हा याच्यात ठेव. लू माणसाले लागते तं पितळेले काहून नाही लागणार बाप्पा?' आणि तिने कांदा माऊथपीसच्या कप्प्यात ठेवून दिला.

हसण्यावारी न्यायचं कारण नाही. हॉर्नला ऊन खरंच लागतं. आतली हवा तापली की सूर चढतो. पितळ प्रसरण पावतं म्हणून चढतो असा समज आहे, पण त्याने सूर उलट उतरायला हवा, आणि तोही नगण्य. खरा कारभार हवेचा, कारण गरम हवेत आवाज जास्त वेगाने धावतो. नागपूरच्या मे महिन्यात वादकाने नळीची सरक कितीही बाहेर ओढली तरी हॉर्न आपला वर वरच जातो. कांद्याने हे थांबतं का, यावर पाश्चात्त्य संगीतशास्त्रात काही लिहिलेलं नाही.

दुपार कूलरसमोर गेली. नागपूरच्या घरात देवघर कुठे आहे हे पाहुण्याला विचारावं लागतं, कूलर विचारावा लागत नाही. खिडकीत पत्र्याचा चौकोनी देह, तीन अंगांना वाळ्याच्या ताट्या, आत पाण्याचा पंप, आणि समोर घरातल्या ज्येष्ठतेनुसार आडवी झालेली माणसं. भाच्याने हॉर्नला ज्येष्ठांच्या रांगेत जागा दिली. ताईने आक्षेप घेतला नाही. ती दमट हवा मात्र झडपांना मानवत नाही असं कळल्यावर पेटी स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी गेली.

संध्याकाळी अंगणातल्या नळाला हिरवा पाईप लावून कूलर भरणं हा त्या गल्लीचा सामुदायिक कार्यक्रम असतो. प्रत्येक कंपाउंडात एक माणूस हातात पाईप धरून उभा, आणि गप्पा भिंतीपलीकडे. तो पाईप बघून भाच्याचे डोळे चमकले. त्याने मला डेनिस ब्रेनची गोष्ट सांगितली. विसाव्या शतकातल्या थोर हॉर्नवादकांत या इंग्रजाचं नाव पहिल्या ओळीत घेतात. १९५६ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये व्यंगचित्रकार गेरार्ड हॉफनुंगने एक विनोदी संगीतमहोत्सव भरवला. त्यात ब्रेनने मोत्झार्टच्या वडिलांची, लिओपोल्ड मोत्झार्टची, रचना बागेला पाणी घालायच्या रबरी नळीवर वाजवली.

'इथे जमेल?' मी विचारलं.

'पाईप हवा बारा फूट,' भाचा म्हणाला. 'आणि नरसाळं.'

ताईच्या यजमानांनी जुन्या पाईपचा तुकडा काढून दिला, मोजायला टेपही आणली. इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळून माऊथपीस बसवला. दुसऱ्या टोकाला घासलेट ओतायचं जुनं नरसाळं. भाच्याने आधी नळीतलं उरलेलं पाणी गुलमोहरावर सोडलं आणि फुंकर मारली. पहिला आवाज म्हशीच्या तक्रारीचा. दुसराही. तिसऱ्याला सूर लागला, आणि मग एकामागोमाग एक असे नैसर्गिक स्वर पायऱ्या चढून वर गेले. खालच्या पायऱ्या लांब लांब, वर जाल तशा जवळजवळ. हॉर्न बेभरवशाचा ठरतो तो याच जवळच्या पायऱ्यांमुळे. ओठ केसभर ढळला की शेजारच्या स्वरावर पाय पडतो, आणि सभागृहातल्या सगळ्यांना कळतं.

गल्लीतले कूलर ओसंडून वाहायला लागले, कारण एकाचंही लक्ष पाण्याकडे नव्हतं. शेजारचे काका भिंतीवरून म्हणाले, 'काय वाजवून राहिले जी?' पोरांनी आपापल्या घरचे पाईप ओढायला सुरुवात केली. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून एकच प्रश्न विचारला:

'पाईपात होते तं लाखाचं कायले घेतलं?'

भाच्याने झडपा, अर्धस्वर, धातूचा नाद असं बरंच समजावलं. प्रश्न जागच्या जागी राहिला.

दुसऱ्या दिवशी झडपांना तेल हवं म्हणून आम्ही जुन्या नागपुरातल्या एका बँडवाल्याच्या दुकानात गेलो. अरुंद दुकान, बाहेर सोनेरी अक्षरांची पाटी, आत जरीचे कोट आणि खिळ्यांवर उलटी टांगलेली वाद्यं. पेटी एकालाही नाही. युफोनियमच्या पोटावर इतके पोचे की मूळ आकार आठवून घ्यावा लागत होता. 'हा पोचा नाचणाऱ्या मामाचा,' मालक बोट ठेवून सांगत होता, 'हा जनरेटरच्या गाडीचा.' वाद्यं बहुतेक मेरठची, जली कोठीची. देशभरच्या वरातींचं पितळ तिथल्या गल्ल्यांतून येतं.

कोपऱ्यात स्टुलावर बसून क्लॅरिनेटची पत्ती ओली करणाऱ्या म्हाताऱ्याने बंद पेटीकडे नुसतं पाहिलं. 'हॉर्न आणला काय?'

कल्याणपासून नागपूरपर्यंत न उघडता ओळखणारा हा पहिला माणूस. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेला, आता कामठीला राहणारा. पचमढीला शिकलेला. १९५० साली जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने तिथे फौजी संगीताची शाळा निघाली, आणि पलटणींचे बँडवाले तिथे शिकून येतात. त्याने हॉर्न हातात घेतला, झडपा फिरवल्या, एकेक सरक ओढून पाहिली, बोटाने भोंग्याची कड चाचपली. मग माऊथपीस नाकाशी नेला.

'कांदा?'

'मावशीनं ठेवला,' भाचा म्हणाला.

'बराबर केलं,' म्हातारा म्हणाला आणि माऊथपीस आपल्या सदऱ्याला पुसून परत दिला. मग फौजेतला कायदा सांगितला: 'आमच्यात वाद्य सरकारचं. पोचा पडला का कागद लिहा. कसा पडला, कधी पडला, कोण पाह्यलं. त्याच्यापेक्षा पेटीत ठेवलेलं बरं.'

'वरातीत हॉर्न का नसतो?' मी मालकाला विचारलं.

'तोंड मागं हाय न याचं,' मालक म्हणाला. 'आमच्या मागं नवरदेवाची घोडी. सगळा आवाज घोडीले जाईल.'

'मूळ वाद्य घोड्यावरचंच आहे,' भाच्याने वाद्याची बाजू घेतली.

'तेव्हा वाजवणारा घोड्यावर होता भाऊ. आता नवरदेव हाय. त्याले ऐकू येऊन काय उपेग?'

तेलाचे पैसे त्याने घेतले नाहीत. म्हाताऱ्याने फक्त एक अट घातली, की भाच्याने एक लांब सूर लावावा. भाच्याने लावला. दुकानाची मागची भिंत उघडी, विटांची. सूर तिच्यावर आपटून भरघोस होऊन समोर आला, आणि रस्त्यावरचा संत्र्याचा रसवाला गाडी थांबवून बघायला लागला.

कार्यक्रमाचं थोडक्यात सांगतो. माईकवाल्याने माईक भाच्याच्या तोंडासमोर लावला. आवाज मागून निघतो हे त्याला पटेना. मागे मखमली पडदा. हॉर्नच्या मागे टणक भिंत लागते, मखमल सूर गिळून ढेकरही देत नाही. शेवटी आदल्या दिवशीच्या समारंभाचा 'हार्दिक स्वागत' लिहिलेला प्लायवूडचा फलक मागे उभा केला, आणि भाच्याच्या वाट्याचे सोळा मात्रांचे तुकडे त्या स्वागतावरून परावर्तित होऊन नागपूरकरांपर्यंत पोचले. चांगले पोचले. टाळ्या आल्या. निवेदकाने त्याची ओळख 'सॅक्सोफोनवर' अशी करून दिली आणि भाच्याने वाकून नमस्कार केला. या जमातीला अशा गोष्टींची सवय आहे. खुद्द मोत्झार्टने ज्या लॉइटगेबसाठी हॉर्नच्या रचना लिहिल्या, त्याची टिंगल त्याने स्वरलिपीच्या कागदावरच लिहून ठेवली आहे.

तर, तुमच्या घरात कोणी फ्रेंच हॉर्न घ्यायचं म्हणत असेल तर विरोध करू नका, पण सुट्या भोंग्याचा घ्यायला लावा. नागपूरला न्यायचा असेल तर डिसेंबरात न्या. मे महिन्यातच जावं लागलं तर कांदा जरूर ठेवा, फक्त माऊथपीसच्या कप्प्यात नको. तिथे मखमलीचं अस्तर असतं, आणि त्यातून कांद्याचा वास पावसाळा लागला तरी जात नाही.