पडद्याच्या रॉडवरील सुभेदारांस

प्रति,
श्रीमंत सुभेदारसाहेब,
मुक्काम पडद्याचा रॉड, बैठकीची खोली,
लोकमान्य नगर, इंदूर.

विषय : मौजे सोफा, मौजे टीव्ही व माझा डावा खांदा येथील अस्वच्छतेबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण कोणत्या गावात राहता याची कल्पना आपल्याला कुणी दिलेली दिसत नाही. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा पहिला नंबर २०१७ साली आला आणि तेव्हापासून आम्ही तो सोडलेला नाही. २०२३च्या सर्वेक्षणात सुरतेला शेजारी बसवून घ्यावं लागलं, ते अजून इथल्या पुष्कळांच्या घशाखाली उतरलेलं नाही. पुढे सरकारने जिंकून जिंकून थकलेल्यांसाठी ‘सुपर स्वच्छ लीग’ असा वेगळा वर्गच काढला. सराफ्यात मध्यरात्री गराडू खाऊन उठलेला माणूसही रिकामा द्रोण हातात धरून डबा शोधत फिरतो. अशा नगरीत आपण दिवसाढवळ्या, पाहुण्यांदेखत, शेपूट वर करून... असो.

आपलं घराणं मोठं, हे मान्य. करडा कोट, लालभडक शेपूट, मूळ गाव आफ्रिका. समोरच्या पिंपळावरच्या हिरव्या भाऊबंदांना घरात कोंडणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आमच्या पुतण्याने परदेशी पाहुणा आणला. २०२४चे नियम आले तेव्हा परिवेश पोर्टलवर आपली रीतसर नोंदणीही केली. माझ्या रेशनकार्डातली चूक दुरुस्त करून आणायला मात्र त्याला अद्याप सवड झालेली नाही.

बोलण्याच्या बाबतीत आपल्याबद्दल तक्रार नाही. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत शुकसारिकाप्रलापन घातलं आहे, म्हणजे पोपट-मैनेला बोलायला शिकवणं हे सुसंस्कृत माणसाचं काम. पण चौसष्टच्या चौसष्ट कला उलटसुलट वाचल्या तरी पोपटाला कुठे बसावं हे शिकवण्याची पासष्टावी सापडत नाही. इतकी शतकं सगळ्यांचं लक्ष चोचीकडे. दुसऱ्या टोकाकडे पाहायला इंदूरलाच जन्माला यावं लागलं.

आपली बाजूही मी ऐकून घेतली आहे. पक्ष्याला मूत्राशय नसतं; उडायचं तर ओझं साठवून चालत नाही. हिरवं, पांढरं आणि पातळ असं तिन्ही एकाच वाटेने, एकाच वेळी उरकतं. त्यातलं पांढरं म्हणजे यूरिक आम्ल, पाण्याची काटकसर करून केलेली लघवी. आपल्या आकारमानाला जागेपणी दर वीस-पंचवीस मिनिटांनी हा कार्यक्रम व्हायचाच, असं पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले. पण रात्रभर आपण सगळं धरून ठेवता आणि सकाळी पिंजऱ्याचं दार उघडताच एकरकमी जमा करता, तेही माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर. म्हणजे संयम जमतो, मर्जी नसते.

या संयमाच्या भरवशावर पुतण्याने आपली शाळा सुरू केली. पद्धत सोपी आहे. पक्ष्यावर नजर ठेवायची. बेत ठरला की तो पिसं अंगासरशी घेतो, दोन पावलं मागे सरकतो, किंचित बसकण मारतो आणि शेपूट उचलतो. एवढ्या वेळात त्याला बोटावर घेऊन कागदावर धरायचं आणि दर वेळी एकच शब्द उच्चारायचा. काम झालं की सूर्यफुलाची बी. चुकलं तर ओरडायचं नाही, कारण ओरडणं म्हणजे आपल्याशी गप्पाच मारणं, असा पक्ष्याचा समज होतो. शब्दाची निवड वहिनींकडे होती. त्यांनी ठरवलं, ‘करून घे’.

काय झालं ते आपण जाणताच. पुतण्या ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमधून ताडकन उठतो. वहिनी फोडणी करपवतात. ऐंशीच्या घरातले अण्णा पेपर वाचायचा सोडून आपल्या शेपटीचा कोन पाहत बसतात. घड्याळ बघून उठायचं, धावायचं, कागदापाशी उभं राहायचं, ही शिस्त घरात प्रत्येकाच्या अंगी बाणली. एक आपण सोडून. आपण ‘करून घे’ एवढं पाठ केलंत, तेही थेट वहिनींच्या आवाजात. परवा पुतण्याला सांगून आलेल्या मुलीची मंडळी सोफ्यावर टेकते न टेकते तोच रॉडवरून आज्ञा झाली, “आधी करून घे!” मुलीचे वडील अर्धे उठले होते.

कचऱ्याच्या गाडीचं गाणंही आपण उचललंत. भल्या पहाटे आपण शीळ घातली की वहिनी डबे घेऊन फाटकाशी. गाडी नाहीच. भिया, हा पोपट कुणाचा झाला?

गाडीवरून आठवलं. आमच्या गाडीला सहा कप्पे : ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. आपलं केलेलं ओलं, ज्यावर केलं तो कागद सुका. वाळलेली विष्ठा झाडली तर तिच्या धुळीतून माणसाला आजार होऊ शकतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसायची. मग ते फडकं कशात? गाडीवाल्याला विचारलं तर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. ओल्यात जात असेल तर देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात आपलं स्वागत आहे. सुरू झाला तेव्हाच रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची त्याची ताकद होती आणि तिथल्या गॅसवर शहराच्या बस धावतात. आपल्या ऐवजावर एखादी बस राजवाड्यापर्यंत सहज फेरी काढेल.

शिकण्याची कुवत आपल्या जातीत नाही, असंही नाही. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग बाईंनी आपल्याच जातीच्या ॲलेक्सला तीस वर्षं शिकवलं. २००७ साली तो वारला तोवर रंग ओळखायचा, आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा. सहा! इंदूरच्या नागरिकाला याहून जास्त गणित लागतच नाही.

तरी एक कबूल करतो. डॉक्टर म्हणाले, हुकमाशिवाय करायचंच नाही अशी सवय लावलेले पोपट माणूस घरी येईपर्यंत तासन्‌तास रोखून धरतात आणि त्यातून दुखणी ओढवून घेतात. ते आम्हाला नको. पहिल्या नंबरासाठी कुणी पोट दाबून बसावं, इतके आम्ही पोहोचलेले नाही. शिवाय खालच्या कागदावरचा रंग बदलला की आपली तब्येत बिघडल्याचं आधी कळतं. आपण स्वतः तर आजार शेवटपर्यंत लपवता. तेव्हा कागद आम्ही रॉडखालीच पसरतो. शाळा बंद. फक्त सकाळचा पहिला, एकरकमी हप्ता पिंजऱ्यातच भरावा आणि माझा डावा खांदा सार्वजनिक जागांच्या यादीतून वगळावा, ही विनंती.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
पुतण्याचा काका

प्रत माहितीसाठी : एसीच्या डब्यामागची कबुतरं, यांना कितीही प्रती पाठवल्या तरी उपयोग नाही.

ता. क. : पत्र लिहिता लिहिता वहिनींचा आवाज आला, “करून घे.” उठलो, जाऊन आलो. हात पुसताना आठवलं, वहिनी तर मघाशीच भाजी आणायला गेल्यात.