कोनता आदिवासी पाह्यजे?

काय वो वैनी, पाणी भरनं झालं का? या जरा कुंपणापाशी, एक गंमत सांगायची हाय.

काल नागपूरची गाडी थांबली आपल्या दारापुढं. त्यातली बाई काच खाली करून विचारते, "इथले आदिवासी कुठं पाहायला मिळतात?" जसा काई चिखलदऱ्याचा देवी पॉइंटच! मी म्हनलं, बाई, कोनता पाह्यजे? कोरकू, गोंड का निहाल? तिले वाटलं मी थट्टाच करून राह्यली.

आता तुमीच सांगा. गोंडी भाषा तेलुगू-तमिळच्या गोतातली. कोरकूचं गोत पाहा तं पार झारखंडात, मुंडारी-संथालीसंगं. मधात अर्धा देश! अन् आपले गवळी तं आदिवासीत मोडतच नाहीत, पन गाविलगडाचं नाव त्यायच्यावरूनच पडलं म्हनतात. इंग्रजाच्या वेलस्लीनं 1803 मंदी किल्ला घेतला. गेला तो बी. गवळ्यायच्या म्हशी अजून इथंच हायेत.

पन खरी गोष्ट पुढं हाय, जरा जवळ या. आपला चिखलदरा अन् धारणी, दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्र. 1996 चा पेसा कायदा आला तवा गावाच्या ग्रामसभेले जमिनीवर, जंगलातल्या गौण उपजावर बोलायचा हक्क भेटला. पन तो ग्रामपंचायतीपुरता! आपल्या चिखलदऱ्याच्या नगरपरिषदेत ग्रामसभाच नाही, वार्ड हाय. वस्ती किती? 2011 च्या जनगणनेत 5 हजाराच्या थोडी वर. एखादं मोठं खेडंच म्हना ना. तरी हद्दीपल्याडच्या ढान्यातल्या, म्हंजे पाड्यातल्या, कोरकूले जे विचारनं भाग हाय, ते अल्याडच्या कोरकूले कोनी विचारत नाही. सख्खे साडू, एक हद्दीच्या आत, एक बाहेर! शहर झालो म्हनून मिरवायचं, अन् हक्क तेवढा येशीबाहेर ठेवायचा. मले तं हे पटत नाही बापा.

अन् होळीचं पाहा. मेघनाथाची जत्रा भरली का कोरकू बाया रस्त्यात गाड्या अडवून फगवा मांगतात. तवा हेच पाव्हने दहा रुपयांसाठी तोंड वाकडं करतात, फोटो मात्र फुकटात काढतात!

तुमच्याकडं पुढच्या आठवड्यात अकोल्याची मंडळी येनार ना? मोथ्याची स्ट्रॉबेरी चारा, रबडी चारा, भीमकुंड दाखवा. पन ढान्यात मोबाइल घेऊन पाठवू नका वैनी. जायचंच असंल तं आधी तिथल्या मानसाले विचारा म्हना.